थिजणे

शाळकरी शब्दकोशाच्या चिठ्ठ्या
पुण्याहून पोस्टाने शिरोड्याला येतात.
माझ्या वाट्याला त, थ, द.
शंभर चिठ्ठ्यांचे ठरलेले पैसे, तेही उशिरा.

थिजणे : (अ.क्रि.) पातळ पदार्थ थंडीने घट्ट होणे.
खाली कुणाची तरी पेन्सिल : गोठणे पाहा.

गोठणे कशाला पाहू?
इथे गोठतं ते फक्त वेंगुर्ल्याच्या बंदरावर,
बर्फाच्या कारखान्यात, तेही वीज असली तर.
बाकी दूध विरजतं नाहीतर नासतं,
रक्त साकळतं,
आगरातलं मीठ श्रावणात बरणीतल्या बरणीत पाणी सोडतं,
गूळ पाघळतो,
माणूसही पाघळतो, विशेषतः निवडणुकीत.
थिजतं ते तेल.

पौषातले चार दिवस थिजतं.
फटू आरोलकराच्या घाण्यावर
मुंबईहून आलेली एक बाई बाटली उलटी धरून भांडत होती,
डालडा घातलाय म्हणून.
फटू भांडला नाही. बाटली उन्हातल्या चिऱ्यावर ठेवली,
विडी पेटवली.
“थिजलां म्हंजे गेलां नाय, बाय. बस जरा.”
विडी संपायच्या आत
कडेकडेने काच दिसायला लागली.

घरी येऊन मी चिठ्ठीवर वाढवलं :
घट्ट, पण बोट रुतेल इतपत.
आणि : पुन्हा पातळ होण्याजोगे.
संपादकांचं कार्ड आलं. पहिलं ठेवतो, दुसरं काढलं.
लाक्षणिक अर्थ राहिला आहे. वाक्यात उपयोग द्या.

डोळे थिजणे. भीतीने थिजणे.
हे कुणीही देईल.

दादा आणि मी बोलत नाही त्याला अकरा वर्षं झाली.
रातांब्याची सात झाडं आणि मोजणीवाल्याने
भलतीकडे पुरलेला एक दगड.
भांडलो म्हणावं तर आवाज कुणी चढवला नाही.
तुटलं म्हणावं तर लग्नकार्याला आहेर येतो,
पाकिटावर नाव वहिनीचं.
पाणंदीत समोरासमोर आलो की
दोघंही गडग्यावरच्या शेवाळाकडे बघतो.
याला कुठलं क्रियापद?
द पर्यंत तरी मला सापडलेलं नाही.

दर पौषात शालनवहिनी मुठेलाचा एक गोळा धाडते.
माझ्या टाचा फुटतात हे तिला ठाऊक आहे.
रातांब्याच्या बिया वाळवून, कुटून, उकळून
रात्रभर ठेवायच्या. सकाळी वर आलेला थर
काढून मुठीत दाबायचा,
म्हणून मुठेल. म मध्ये येईल,
म दुसऱ्या कुणाकडे आहे.
गोळ्यावर तिची चार बोटं उमटलेली असतात,
बारीक, एकमेकांना चिकटून.

यंदाचा गोळा थोरला होता.
बोटं जाड, आणि चार नव्हती.
साडेतीन.
तर्जनीचा वरचा पेर नाही,
तो मी सातवीत असताना कोयतीने गेला होता,
माझ्यासाठी शहाळं सोलताना.
“काकीचो हात प्लास्टरात हा,”
घेऊन आलेला पोरगा म्हणाला, आणि पळाला.

मी तो खिडकीत ठेवला, उन्हात,
फटूने बाटली ठेवली तसा.
दुपार झाली. खोबरेल केव्हाच पाणी झालं होतं,
बाजूचा गोळा ढिम्म.
मुठेलाला पौषातलं ऊन पुरत नाही हे मी विसरलो होतो.
त्याला अंगाची ऊब लागते.
हातात धरून बसावं लागतं, बराच वेळ,
आणि धरलं की आधी बोटांचे ठसे जातात.

चिठ्ठी समोर कोरीच आहे.
संपादकांना शुक्रवारपर्यंत हवी.
गोळा मी फडक्यात गुंडाळून
फडताळात ठेवला, पुन्हा काढला.
टाचा फुटलेल्याच आहेत.
संध्याकाळी गडग्यापलीकडे
कुणीतरी रातांब्याखालचा पाला ओढत होतं,
खराटा मध्येच थांबत होता, पुन्हा लागत होता.
मी मूठ उघडली नाही.
तळव्यात काहीतरी ओलसर
हळूच सरकल्यासारखं वाटलं.